पाठीचा भार गेला कुठे? एक्सोस्केलेटनची चाचणी अंगावरच्या सेन्सरनी घेताना

पाठीला आधार देणारा एक्सोस्केलेटन, म्हणजे कपड्यांवरून चढवायचा आधाराचा सांगाडा, घालून माणूस खोका उचलतो, पाठीच्या स्नायूंचा आलेख खाली सरकतो आणि बघणाऱ्यांना वाटतं, झालं, उपकरण चालतंय. पण आलेख खाली सरकायला निदान पाच कारणं असतात. एक्सोनं खरोखर भार घेतला असेल. माणसानं खोका सावकाश उचलला असेल. गुडघे जास्त वाकवून खोका अंगाजवळ घेतला असेल. कंबर इतकी खोल वाकली असेल की स्नायू आपोआप गप्प झाले. किंवा पट्ट्याखालचा इलेक्ट्रोड कातडीपासून सुटला असेल. आपल्याला हवं असतं ते पहिलं कारण. पुढची सगळी तयारी उरलेली चार बाद करण्यासाठी आहे.

म्हणून सुरुवात माणसापासून न करता उपकरणापासून करतो. एक्सो कुणाच्याही अंगावर चढवण्याआधी तो किती टॉर्क देतो हे स्वतः मोजायचं. माहितीपत्रकातला आकडा धरून चालायचं नाही. सांगाडा टेबलाला घट्ट बांधायचा, छातीच्या पॅडवर लोड सेल (बल मोजणारा सेन्सर) लावायचा आणि पॅड दहा-दहा अंशांनी पुढे ढकलत प्रत्येक कोनाला बल टिपायचं. लोड सेल नसेल तर हुकाचा डिजिटल काटाही चालतो, फक्त ओढ पॅडच्या पृष्ठभागाला काटकोनात हवी. बल गुणिले बिजागरीपासूनचं लंब अंतर, हा झाला टॉर्क. हे दोनदा करायचं: एकदा वाकण्याच्या दिशेनं जाताना, एकदा परत येताना. स्प्रिंग, गॅस स्प्रिंग किंवा रबरी पट्टा, कशातही घर्षण असतंच. त्यामुळे त्याच कोनाला वाकताना जितका टॉर्क मिळतो त्यापेक्षा उठताना कमी मिळतो. आणि ओझं हातात असतं ते बहुतेकदा उठताना. म्हणून तुलनेसाठी नेहमी परतीच्या वाटेवरचा आकडा घ्यायचा.

आता थोडं गणित, कारण पुढे सगळं यावर टेकलेलं आहे. समजा पॅडवर ८० न्यूटन बल आहे आणि पॅड बिजागरीपासून ३६ सेंटीमीटरवर आहे. टॉर्क झाला सुमारे २९ न्यूटन-मीटर. पण बिजागरी असते खुब्याच्या सांध्याशी. आपल्याला काळजी असते कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांमधल्या सांध्याची, ज्याला एल५-एस१ म्हणतात, आणि तो खुब्याच्या साधारण १० सेंटीमीटर वर असतो. तिथून पॅडपर्यंतचं अंतर उरतं २६ सेंटीमीटर. म्हणजे कमरेला मिळालेली मदत २१ न्यूटन-मीटर. खुब्याचा आकडा कमरेच्या नावावर खपवला की तिथेच आठ न्यूटन-मीटरची चूक होते, आणि ही चूक फार जण करतात.

दुसरी बाजू मांडू. १० किलोचा खोका एल५-एस१ पासून ४० सेंटीमीटर पुढे धरला तर त्याचा टॉर्क ३९ न्यूटन-मीटर. सत्तर किलोच्या माणसाचं त्या सांध्यावरचं शरीर, म्हणजे धड, डोकं आणि हात मिळून, ढोबळमानानं ४० किलो धरा. चांगलं वाकल्यावर त्याचा गुरुत्वमध्य २५ सेंटीमीटर पुढे आला तर टॉर्क ९८. खोक्यापेक्षा स्वतःच्या शरीराचा भारच अडीच पट झाला. एकूण १३७ पैकी एक्सोनं २१ उचलले, म्हणजे १५ टक्के. पाठीच्या स्नायूंची तरफ जेमतेम सहा सेंटीमीटरची असल्यानं त्यांना २१ भागिले ०.०६, म्हणजे ३५० न्यूटन कमी ओढावं लागतं. ही मदत लहान नाही. पण मोजणीत ईएमजी, म्हणजे कातडीवरच्या इलेक्ट्रोडनी टिपलेली स्नायूंची विद्युत क्रिया, ४० टक्क्यांनी उतरलं, तर उरलेले २५ टक्के कुठून आले हे शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात स्प्रिंगवर चालणाऱ्या प्रकारांसाठी पाठीच्या स्नायूंच्या क्रियाशीलतेत १० ते ४० टक्के घट नोंदली आहे. ही दरी एवढी रुंद का, याचं उत्तर उपकरणांच्या फरकाइतकंच मोजण्याच्या आणि काम करवून घेण्याच्या फरकातही आहे.

मऊ पट्ट्यांच्या एक्सोसूटचं गणित वेगळं. तिथे पाठीवरून मांडीपर्यंत जाणारा रबरी पट्टा स्नायूला समांतर ओढतो, म्हणून तो स्वतःही मणक्यावर दाब देतो. पट्ट्यात २०० न्यूटन ताण असेल आणि तो सांध्यापासून १० सेंटीमीटर मागे असेल तर मदत २० न्यूटन-मीटर. स्नायूचे ३३३ न्यूटन वाचले, पट्ट्याचे २०० वाढले. मणक्यावरचा दाब कमी झाला तो १३३ न्यूटनच. फायदा आहेच, कारण पट्ट्याची तरफ स्नायूपेक्षा लांब आहे. पण ईएमजीत दिसलेली घट जशीच्या तशी मणक्याच्या खात्यात लिहिता येत नाही.

आता माणूस. एक्सो बसवण्याचं काम चाचणीच्या निदान एक दिवस आधी उरकतो. कडक सांगाड्याच्या प्रकारात बिजागरी मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यासमोर आली पाहिजे, कमरपट्टा कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. बिजागरी दोन-तीन सेंटीमीटर जरी वर-खाली असली तरी वाकताना छातीचं पॅड गळ्याकडे सरकतं आणि मांडीचं पॅड घासतं. स्त्रियांमध्ये छातीचं पॅड छातीच्या हाडावर टेकायला जागा कमी मिळते. पॅड खांद्याकडे वळवता येणारा प्रकार नसेल तर त्या मापाला हे उपकरण बसत नाही असं स्पष्ट लिहायचं. ओढूनताणून बसवून मोजलेला आकडा कामाचा नसतो. सगळं जुळलं की पट्ट्यांवरच्या भोकांचे क्रमांक आणि कातडीवर पॅडच्या कडांच्या खुणा नोंदवून ठेवायच्या. याच दिवशी अर्धा-पाऊण तास खोके उचलून सराव करून घ्यायचा. पहिल्या दहा-पंधरा उचलींत माणूस स्प्रिंगशी झगडतो, तिला पुढे ढकलायला पोटाचे स्नायू वापरतो. तेवढ्यावरून उपकरणाबद्दल मत बनवणं अन्यायाचं आहे.

चाचणीच्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळ इलेक्ट्रोडवर जातो आणि तो द्यायलाच हवा. पाठीच्या उभ्या स्नायूंसाठी सेनियमच्या, म्हणजे इलेक्ट्रोड कुठे लावायचे हे सांगणाऱ्या युरोपीय प्रकल्पाच्या, शिफारशी पाळतो: पहिल्या कमरेच्या मणक्याच्या काट्यापासून दोन बोटं बाहेर लॉन्जिसिमस, तर दुसऱ्या मणक्याच्या पातळीला, खालची बरगडी आणि कमरेच्या मागच्या हाडाचं टोक यांना जोडणाऱ्या रेषेपासून एक बोट आत इलिओकॉस्टॅलिस. मणके मोजायची सोपी खूण अशी: कमरेच्या दोन्ही हाडांच्या माथ्यांना जोडणारी आडवी रेषा चौथ्या मणक्याच्या आसपास येते, तिथून बोटानं वर मोजत जायचं. मात्र हे मोजताना माणूस किंचित वाकलेला असावा. सरळ उभ्या अवस्थेत काटे हाताला लागत नाहीत. शिवाय वाकल्यावर कातडी मणक्यांवरून वर-खाली सरकते, त्यामुळे ताठ उभं राहून लावलेला इलेक्ट्रोड उचलीच्या वेळी भलत्याच ठिकाणी असतो.

केस काढायचे, खरखरीत जेलनं कातडी हलकेच घासायची, स्पिरिटनं पुसायची आणि स्पिरिट पूर्ण उडेपर्यंत थांबायचं. ओल्या कातडीवर चिकटवलेला इलेक्ट्रोड घाम आला की पहिला निघतो. दोन इलेक्ट्रोडच्या केंद्रांत २० मिलिमीटर अंतर, स्नायूच्या धाग्यांच्या दिशेत. दोन्ही बाजूंना लावायचे, कारण समोर दिसणारी उचलही कधी पूर्ण सरळ नसते. पोटासाठी बाहेरचा तिरपा स्नायू आणि सरळ स्नायू, पायांसाठी मांडीच्या मागचा आणि पुढचा एकेक. ते का, हे पुढे येईल.

खरी कसोटी एक्सो चढवल्यावर लागते. कमरपट्टा, पाठीवरचा पट्टा किंवा घाम शोषणारं अस्तर इलेक्ट्रोडवर दाबलं गेलं की आलेखात मंद लाटा दिसतात आणि स्प्रिंग सुटताना उंच टोकं उमटतात. म्हणून मोजणी सुरू करण्याआधी सगळं साहित्य अंगावर असताना माणसाला वाकायला, वळायला, उकिडवं बसायला आणि जागच्या जागी चालायला लावतो आणि गाळणी न लावलेला कच्चा सिग्नल पडद्यावर बघतो. गाळणी लावलेला आलेख नेहमी शहाण्यासारखा दिसतो, म्हणून त्यावर या टप्प्याला भरवसा नको. जिथे पट्टा सेन्सरवर येतो तिथे इलेक्ट्रोड एक-दोन सेंटीमीटर सरकवायचा, पण तो आताच. एक्सोविना मोजणी एका जागी आणि एक्सोसह दुसऱ्या जागी, असं झालं की तुलना संपली. वायरलेस सेन्सरची जाडी पट्ट्याखाली खुपते. इलेक्ट्रोड आणि सेन्सरचा डबा यांमध्ये छोटी वायर असलेला प्रकार असेल तर डबा बाजूला बरगड्यांवर चिकटवता येतो आणि निम्मा त्रास वाचतो.

ईएमजीचा आकडा कशाच्या प्रमाणात सांगायचा? प्रचलित मार्ग म्हणजे कमाल आकुंचनाच्या प्रमाणात. माणूस टेबलावर पालथा, पाय पट्ट्यांनी बांधलेले, कमरेपासून वरचं धड टेबलाबाहेर, खांद्यांवर खालच्या दिशेनं प्रतिकार, आणि त्याविरुद्ध तीन ते पाच सेकंद पूर्ण जोर. असे तीन प्रयत्न, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, दोन माणसं आधाराला. पाठीची तक्रार असलेल्यांकडून हे करवून घेत नाही. त्यांच्यासाठी धड ३० अंश पुढे झुकवून हातात ठरावीक वजन धरायची स्थिती संदर्भ म्हणून पुरते. कमाल जोर हा नेहमी इच्छाशक्तीवर अवलंबून असतो, त्यामुळे दोन माणसांची तुलना करताना हा संदर्भ डळमळीतच राहतो. पण एकाच माणसाची, एकाच दिवशी, इलेक्ट्रोड न काढता केलेली तुलना त्यावर फारशी विसंबून नसते. म्हणून प्रत्येक माणूस स्वतःशीच ताडून बघायचा.

हालचालीसाठी आयएमयू, म्हणजे झुकाव आणि हालचाल मोजणारे छोटे सेन्सर: पाठीच्या वरच्या भागावर एक, त्रिकास्थीवर एक, दोन्ही मांड्यांवर एकेक. वरचा वजा खालचा म्हणजे कमरेचा बाक. त्रिकास्थीवरचा सेन्सर आणि कमरपट्टा यांचं भांडण ठरलेलं. सेन्सर पट्ट्यावर लावला तर पट्टा सरकेल तसा कोन खोटा सांगतो. आम्ही तो पट्ट्याच्या खालच्या कडेखाली, कातडीवर दुहेरी चिकटपट्टीनं लावतो आणि वरून लवचीक पट्टी गुंडाळतो. लोखंडी रॅक, पॅलेट ट्रक, खुद्द एक्सोची स्प्रिंग किंवा मोटर, सगळंच चुंबकमापकाला फसवतं. त्यामुळे चुंबकमापक बंद ठेवून केवळ त्वरणमापक आणि जायरो (वळण्याचा वेग मोजणारा भाग) यांच्यावर कोन काढायचा. पुढे झुकण्याचा कोन गुरुत्वामुळे जागेवर राहतो. धड डावी-उजवीकडे वळल्याचा कोन मात्र हळूहळू वाहत जातो, त्यामुळे वळणाचा लांबलचक हिशेब या साधनावर मागू नये. दर टप्प्याच्या सुरुवातीला आणि शेवटी पाच सेकंद सरळ उभं करायचं. दोन्ही वेळच्या कोनांत पाच अंशांहून जास्त फरक आला तर सेन्सर हलला आहे असं समजून तो टप्पा पुन्हा.

बुटातले दाब मोजणारे इनसोल हे या जुळणीतलं कमी कौतुक झालेलं साधन आहे. पाय उचलून शून्य करायचं, पाचेक मिनिटं चालून ते गरम होऊ द्यायचे, मग एका पायावर उभं करून शरीराच्या वजनाशी ताडायचं. १० किलोचा खोका उचलला की दोन्ही पायांखालचं एकूण बल ९८ न्यूटननं वाढलं पाहिजे. किती वाढलेलं दिसतं यावरून इनसोलची खरी चूक कळते. एक्सोचं स्वतःचं वजन वजा करायला विसरू नये: मऊ प्रकार दीड-दोन किलोंच्या, कडक सांगाडा तीनेक किलोंच्या आणि मोटरचा प्रकार सात-आठ किलोंच्या आसपास असतो. खोका जमिनीवरून सुटला तो क्षण इनसोल जितका नेमका सांगतात तितका दुसरा कुठलाही सेन्सर सांगत नाही. शिवाय धडाचा कोन आणि पायाखालचं बल एकत्र केलं की कमरेवरच्या टॉर्कचा अंदाज बांधता येतो, तोही कॅमेऱ्यांशिवाय, जिथे काम चालतं तिथेच.

तीन वेगवेगळ्या यंत्रणांची घड्याळं तीन वेगळ्या वेळा दाखवतात. सुरुवातीला टाचा तीनदा जमिनीवर आपटून घ्यायच्या. इनसोलला ठोका दिसतो, आयएमयूला धक्का दिसतो आणि ईएमजीच्या सेन्सरमध्ये त्वरणमापक असेल तर त्यालाही. हेच टप्प्याच्या शेवटी पुन्हा. शेवटचे ठोके लागतात ते घड्याळं पुढे-मागे घसरतात म्हणून. अर्ध्या तासात काही दशांश सेकंदांची घसरण झाली, तर उचलीचा कळस आणि खोका सुटण्याचा क्षण वेगळे पडतात आणि नसलेले निष्कर्ष निघतात. ब्लूटूथचा सिग्नल माणसाच्या शरीरातलं पाणी शोषून घेतं, म्हणून रिसीव्हर माणसाच्या मागच्या बाजूला, उंचावर ठेवायचा. सेन्सरच्या आतच नोंद साठवायची सोय असेल तर ती चालू ठेवायचीच.

काम ठरवताना आम्ही निऑश या अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेच्या सुधारित उचल-समीकरणाचा आधार घेतो. मूठ पक्की बसणारा खोका, हात दोन्ही घोट्यांच्या मध्यापासून ४० सेंटीमीटर पुढे, पकड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर, तिथून ७५ सेंटीमीटरवर ठेवायचा, मिनिटाला चार हाताळण्या, एकूण काम तासाभराच्या आत. २३ किलोंना एकेक गुणक लावत गेलं, म्हणजे ०.६२५, ०.८६५, ०.९२ आणि ०.८४, की शिफारस केलेलं वजन ९.६ किलो येतं. म्हणजे १० किलोचा खोका काठावरचा, लोकांकडून करवून घ्यायला सुरक्षित आणि आलेखात फरक दिसेल इतका जड. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण तिचा गैरवापर सर्रास होतो. या समीकरणात एक्सोसाठी कुठलाही गुणक नाही. ईएमजी २० टक्के उतरलं म्हणून वजनाची मर्यादा २० टक्के वाढवली, हा हिशेब चुकीचा आहे आणि धोक्याचा आहे.

दर १५ सेकंदांनी मेट्रोनोमचा ठोका: एका ठोक्याला उचल, पुढच्याला खाली ठेवणं. आठ मिनिटांचा टप्पा धरला तर १६ उचली आणि १६ वेळा ठेवणं होतं. पहिली दोन मिनिटं हिशेबातून वगळायची. पावलांच्या जागा जमिनीवर टेपनं आखलेल्या असाव्यात. आखणी नसेल तर एक्सो घातलेला माणूस नकळत खोक्याच्या जवळ उभा राहतो, अंतर पाच सेंटीमीटरनं घटतं आणि तो फायदा उपकरणाच्या नावावर जातो.

स्थिती तीन ठेवायच्या, दोन नाही. एक्सोविना. एक्सो अंगावर पण स्प्रिंग सोडवलेली. एक्सो अंगावर आणि स्प्रिंग चालू. मधली स्थिती सगळ्यांना वेळखाऊ वाटते, आणि वेळ कमी पडला की पहिली हीच कापली जाते. पण अंगावर काहीतरी घट्ट बांधलंय या जाणिवेनंच माणूस जपून, सावकाश वाकतो. पट्टा पोट आवळतो, छातीचं पॅड आपण किती वाकलो याची आठवण देतं. स्प्रिंगचा स्वतःचा परिणाम कळतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थितीतल्या फरकातून. पहिल्या आणि तिसऱ्यातला फरक कामावरच्या माणसाच्या दृष्टीनं महत्त्वाचा. दोन्ही सांगावेत. क्रम प्रत्येक माणसासाठी चिठ्ठ्या टाकून ठरवायचा आणि टप्प्यांमध्ये निदान दहा मिनिटं बसवायचं, नाहीतर शेवटच्या स्थितीत एक्सोची मोजणी होण्याऐवजी थकव्याची होते.

ईएमजीवरची प्रक्रिया थोडक्यात: नमुने सेकंदाला २००० किंवा किमान १००० वेळा, ३० ते ४५० हर्ट्झची गाळणी, मग सिग्नल धन करून ३-४ हर्ट्झचा मऊ लिफाफा. तळाची कडा २० ऐवजी ३० हर्ट्झ ठेवायची ती हृदयाच्या ठोक्यांमुळे. ते पोटावर आणि पाठीच्या डाव्या बाजूला ठळक उमटतात. स्नायू जवळजवळ विसावलेला असताना आलेखात जे उरतं त्यात बराच वाटा हृदयाचा असतो, म्हणून तळाच्या दहाव्या शतमकाच्या (ज्याच्या खाली दहा टक्के नोंदी येतात त्या) आकड्यावर कुठलंही मोठं विधान करू नये.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येतो. माणूस पूर्ण वाकला की पाठीचे उभे स्नायू काम सोडून देतात. भार मग मणक्यांमागचे अस्थिबंध आणि ताणले गेलेले ऊतक पेलतात. १९५० च्या दशकापासून हे माहीत आहे. स्नायूच्या आलेखात तिथे सपाट शांतता दिसते, पण कमरेवरचा टॉर्क त्याच क्षणी कळसाला असतो. एक्सो घातल्यावर एखाद्या माणसाची कमर आठ-दहा अंश जास्त वाकू लागली, तर तो या शांततेच्या प्रदेशात लवकर शिरतो आणि जास्त वेळ राहतो. ईएमजीची सरासरी छान उतरते. भार मात्र स्नायूवरून एक्सोवर न जाता अस्थिबंधांवर गेलेला असतो, जे थकल्याची सूचना देत नाहीत.

हे पकडायचं तर ईएमजी वेळेसमोर न मांडता कमरेच्या बाकासमोर मांडायचं. आडव्या अक्षावर कोन, दहा-दहा अंशांचे कप्पे, उचल वेगळी आणि ठेवणं वेगळं. प्रत्येक कप्प्यात तिन्ही स्थितींची रेषा. ३० ते ५० अंशांच्या मधल्या पट्ट्यात स्प्रिंग चालू असतानाची रेषा खाली असेल आणि ती घट उपकरणाच्या मोजलेल्या टॉर्कशी साधारण जुळत असेल, तर एक्सो मदत करतोय असं ठामपणे म्हणता येतं. रेषा एकमेकींवर बसत असतील आणि फक्त खोल कोनांत घालवलेला वेळ वाढला असेल, तर आकडा उतरला तो ढब बदलल्यामुळे. खोल कप्प्यांत टक्केवारी फुगलेली दिसते हेही लक्षात ठेवायचं: तिथे स्नायूचा वाटा आधीच लहान असतो, त्यामुळे तेवढाच टॉर्क त्यातला मोठा हिस्सा खातो.

वेगाचंही असंच. सावकाश उचलीत कळस बुटका होतो पण रुंद होतो. म्हणून ९० वा शतमक आणि संपूर्ण उचलीतली एकूण बेरीज, दोन्ही लिहायचे. कळस उतरला आणि बेरीज वाढली तर माणूस भार जास्त वेळ धरून उभा आहे. धडाचा कमाल कोनीय वेग शेजारच्या रकान्यात असला की हे झटकन दिसतं.

पाठीतून काढलेला भार कुठेतरी जातोच: छातीवर आणि मांड्यांवर. मांडीचं पॅड मांडीला मागे ढकलतं आणि वाकून उभं राहताना गुडघे मागच्या बाजूला ताठ होऊ लागतात. मांडीवरचा आयएमयू हे दाखवतो आणि गुडघ्याच्या मागे ओढ बसते असं माणूस सांगतो. पोटाच्या स्नायूंचं ईएमजी वाढलं तर स्प्रिंग त्या माणसासाठी जास्त कडक आहे. एक पायरी सैल करून पुन्हा मोजायचं. पोटाच्या वाढीव ताणानं मणक्यावर दाबच वाढतो, त्यामुळे पाठीची घट आणि पोटाची वाढ एकाच तक्त्यात असली पाहिजे. प्रत्येक टप्प्यानंतर शरीराच्या चित्रावर शून्य ते दहा अशी अस्वस्थता विचारायची, दर वेळी त्याच शब्दांत आणि आकडे पडद्यावर दिसण्याआधी. पॅड टोचतं असं सांगणारा माणूस आठवड्याभरात ते उपकरण कोपऱ्यात ठेवतो, मग ईएमजी काहीही म्हणो.

हृदयगतीचा पट्टा लावायला हरकत नाही, पण तो स्थिरावायला तीन ते पाच मिनिटं घेतो आणि अंगावरच्या अस्तरामुळे वाढलेली उष्णताही त्यात मिसळते. आधाराचा पुरावा म्हणून तो कमकुवत आहे.

प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष पाळीत मोजताना सेन्सरची संख्या कमी करायची: पाठीवर एक आणि मांडीवर एक आयएमयू, इनसोल, पाठीच्या ईएमजीच्या दोन वाहिन्या. घामानं चौथ्या तासापर्यंत निम्मे इलेक्ट्रोड सैल होतात, म्हणून ठरावीक विश्रांतीला संदर्भ स्थिती पुन्हा मोजायची. तिचा आकडा बदलला तर पुढच्या नोंदी तेवढ्याच सांभाळून वाचायच्या. इथला कळीचा प्रश्न वेगळा असतो: पाळीतला किती वेळ माणूस स्प्रिंग काम करेल इतका वाकलेला असतो? चालणं, बसणं, शिडी चढणं यांतच दिवस जात असेल, तर मदत मिनिटांची आणि अडथळा तासांचा. आयएमयूच्या कोनांचा नुसता आयतालेख हे दाखवून देतो, तेही एक्सो विकत घेण्याआधी, एक्सोविनाच.

अहवालात सरासरीबरोबर प्रत्येक माणसाची रेषा स्वतंत्र द्यायची. काहींना चांगला आधार मिळतो, काहींना काहीच नाही, एखाद्याला उलट त्रास होतो. सरासरी हे तिन्ही पुसून टाकते. आणि एका दिवसाच्या घटलेल्या ईएमजीवरून पाठीच्या दुखापती कमी होतील असं वाक्य लिहायचं नाही. मोजलं गेलं ते त्या दिवसाचं, त्या कामाचं आणि त्या मापाच्या माणसाचं.

इलेक्ट्रोड काढताना कातडी एका हातानं दाबून धरायची आणि हळूच सोलायचं. छातीवर, मांड्यांवर पॅडचे लाल ठसे असतील तर त्यांचा माप लावून फोटो, मग अर्ध्या तासानं परत एक. ठसे तोवर गेले नसतील तर त्या मापाच्या पॅडला अस्तर लागेल. माणूस घरी गेल्यावर एक्सो पुन्हा टेबलाला बांधायचा आणि सकाळची टॉर्कची मोजणी त्याच कोनांना, त्याच क्रमानं परत करायची. शंभरेक वेळा ताणलेला रबरी पट्टा सकाळइतका टॉर्क देत नसेल, तर दिवसभरातल्या स्थितींचा क्रम आणि ही घसरण शेजारी-शेजारी ठेवूनच पुढचं विश्लेषण उघडायचं.